घरपोच आरोग्यसेवेचा हिशेब अंथरुणापासून सुरू करू या

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. अनेक ठिकाणी आपल्या कार्यकर्त्यांनीही शिबिरे घेऊन वस्तीतल्या आजी-आजोबांची नोंदणी करून दिली. काम चांगले झाले. पण हे कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांचा खर्च त्यात धरलेला आहे. सोळाव्या दिवसापासून जे आजारपण सुरू होते ते घरातच काढायचे असते. तिथे कार्डाचा उपयोग संपतो.

भिंगारच्या गल्लीतले एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबांना लकवा झाला. सिव्हिलमधून घरी आणले. खोली एकच, कॉट भिंतीला लावलेली. सून सकाळी चार घरची धुणीभांडी करते, दुपारी येऊन त्यांना कुशीवर वळवते, पुसून काढते, भरवते. नातीची शाळा आठवड्यातून दोन दिवस बुडते, कारण कोणीतरी घरी थांबायला हवे. हे कोण्या एका घराचे वर्णन नाही. अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच आहेत.

या घरात सरकारची सेवा पोहोचली का? पोहोचली असेल तर घरात काय बदलले? आजोबांच्या पाठीची जखम भरली का, सुनेचा रोज वाचला का, नात शाळेत गेली का? ‘सामाजिक परिणामाचे मोजमाप’ हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे. आमचे म्हणणे असे, की घरपोच सेवेचे यश कार्यालयातल्या रजिस्टरवरून ठरवले जाते, ते अंथरुणावरच्या माणसावरून आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बाईवरून ठरले पाहिजे. हे मोजमाप सरकार आपण होऊन करील याची वाट पाहत बसायची गरज नाही. त्याची सुरुवात विहारातून करता येते.

तीन यंत्रणांच्या सांध्यावरचे भिंगार

आम्ही भिंगार निवडले त्याला कारण आहे. भिंगार म्हणजे नगरची छावणी. इथला कारभार छावणी परिषदेकडे, म्हणजे शेवटी संरक्षण मंत्रालयाकडे. रस्ता ओलांडला की २००३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेची हद्द, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेखालची गावे. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. छावणी आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतलाच.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्याची रचना अशी : जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक बाह्यरुग्ण दिवस आणि उपकेंद्राच्या पातळीवर अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेट. २०१२ मध्ये वेदना कमी करणाऱ्या सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढे आरोग्य केंद्रांतून द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये ज्येष्ठांची सेवा आणि पॅलिएटिव्ह केअर या दोन्हींचा समावेश झाला. कागदावर साखळी पूर्ण आहे.

पण ही साखळी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा अशी जाते. छावणीतल्या घराचे उपकेंद्र कोणते? त्या घराची आशाताई कोणाच्या यादीतली? तिच्या भेटीची नोंद छावणीच्या दवाखान्यात जाते, महापालिकेकडे जाते, की जिल्ह्याकडे? भिंगारमधल्या कार्यकर्त्यांनी पहिला अर्ज याच प्रश्नाचा करायला हवा. सेवा देणारा कोण हेच ठाऊक नसेल तर परिणाम कोणाच्या नावावर मोजायचा?

दुसरी अडचण लोकशाहीची. देशातील ५७ छावणी परिषदांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ रोजी होणार म्हणून जाहीर झाल्या आणि महिन्याभरात, मार्चमध्ये, ती अधिसूचनाच मागे घेतली गेली. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण आले आणि हिमाचलमधील खास योलपासून त्याची सुरुवात झाली. विलीनीकरण चांगले की वाईट यावर वाद होत राहील. आमचा मुद्दा वेगळा आहे. कारभार बदलण्याआधी घराघरांतली स्थिती नोंदवून ठेवली नाही, तर बदलानंतर सेवा सुधारली की बिघडली हे कोणालाच सांगता येणार नाही. नवे प्रशासन म्हणेल सुधारली, विरोधक म्हणतील बिघडली, आणि पुरावा दोघांकडेही नसेल.

भेट झाली म्हणजे काम झाले?

शासकीय कार्यक्रमांचे अहवाल उघडून पाहा. किती भेटी दिल्या, किती ज्येष्ठांची तपासणी केली, किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, किती साहित्य वाटले. हे सगळे मोजावेच लागते. पैसा कुठे गेला ते कळायला हवे. पण हे झाले केलेल्या कामाचे मोजमाप. त्या कामाने माणसाच्या आयुष्यात काय घडले ते यातून कळत नाही.

फरक साध्या उदाहरणाने सांगता येईल. नर्सताई महिन्यातून एकदा आल्या, बीपी मोजले, सही घेतली, गेल्या. रजिस्टरमध्ये भेट पूर्ण. दुसऱ्या घरात नर्सताईंनी सुनेला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची ते करून दाखवले आणि आठवड्याने पुन्हा येऊन पाहिले. रजिस्टरमध्ये या दोन घरांत फरक काय? एकात एक भेट, दुसऱ्यात दोन. प्रत्यक्षात मात्र एका घरात पाठीला जखमा झाल्या आणि दुसऱ्या घरात टळल्या.

यात आशाताईंना किंवा नर्सताईंना दोष द्यायचा नाही. ज्या कामाची वरून विचारणा होते आणि ज्या कामाला मोबदल्याची ओळ असते, त्याचीच नोंद चोख होते. नवजात बाळाच्या ठरलेल्या सगळ्या घरभेटी पूर्ण केल्या की आशाताईंना २५० रुपये मिळतात. कष्ट, पायपीट, आईशी बोलणे, सासूची समजूत काढणे, याला रकाना नाही. मोजमापाची पद्धत बदलली की कामाची दिशाही बदलते, म्हणून हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही.

महाराष्ट्रानेच मोजून दाखवले आहे

घरी दिलेल्या सेवेचा परिणाम मोजणे अवघड आहे असे अधिकारी सांगतील. त्यांना गडचिरोलीचे उदाहरण द्यावे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची सेवा सुरू केली. गावातल्याच, थोडे शिक्षण झालेल्या बायांना शिकवले. त्याच वेळी ४७ गावे अशी ठेवली जिथे ही नवी सेवा नव्हती, फक्त नोंद होती. दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजला. तिसऱ्या वर्षाअखेर तुलना केली तेव्हा सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंच्या कामात या पद्धतीचा समावेश झाला.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, सुरुवातीची स्थिती आधी नोंदवली होती. दोन, तुलनेला शेजारची गावे होती. ती नसती तर कोणीही म्हणाले असते की बालमृत्यू सगळीकडेच कमी होत होते, तुमच्या सेवेने काय केले? भिंगारमध्ये छावणी, महापालिका आणि ग्रामीण भाग हाकेच्या अंतरावर आहेत. तीन वेगळ्या कारभारांखालच्या सारख्या परिस्थितीतल्या वस्त्यांची तुलना करता येईल अशा जागा फार नसतात.

दुसरे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांत दलित बाया होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या. सुरुवातीला त्या भागात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला होता. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि प्राथमिक आरोग्याच्या जागतिक चर्चेत जामखेडचे नाव गेले.

पण जामखेडचा सामाजिक परिणाम बालमृत्यूच्या आकड्यात संपतो का? ज्या बाईची सावली टाळली जायची, तिलाच सवर्णांच्या घरात बाळंतिणीजवळ बोलावणे येऊ लागले. ‘तिला घरात घेतले का, तिच्या हातचे पाणी घेतले का’ हासुद्धा आरोग्यसेवेचा परिणाम आहे आणि तोही मोजता येतो.

केरळकडेही पाहावे. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले. तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स नेमल्या जातात आणि गावातले स्वयंसेवक त्यांच्यासोबत घरोघर जातात. आजारी माणसाची विचारपूस हे शेजाऱ्यांचे काम आणि त्यासाठी पैसा देणे हे पंचायतीचे काम, अशी वाटणी तिथे रुळली आहे.

जातीचा रकाना

घरपोच सेवेत आणि दवाखान्यातल्या सेवेत मोठा फरक आहे. दवाखान्यात रुग्ण सेवेकडे जातो. घरपोच सेवेत कर्मचाऱ्याला उंबरठा ओलांडावा लागतो. भारतात उंबरठ्याला जात असते.

घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांचा अस्पृश्यतेविषयीचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक तृतीयांश गावांमध्ये सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला तयार नव्हते असे आढळले. संघमित्रा आचार्य यांनी २०१० मध्ये गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांचा अभ्यास मांडला. औषध देताना स्पर्श टाळणे, कमी वेळ देणे, तुसडेपणाने बोलणे, घरात न शिरता बाहेरूनच काम उरकणे, असे भेदभावाचे प्रकार त्यांनी एकेक करून नोंदवले. रजिस्टरमध्ये या सगळ्या भेटी ‘पूर्ण’ म्हणूनच लागल्या असत्या.

अशा भेदभावाची बेरीज कुठे जाते? संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात दाखवले की भारतात दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्च जातीच्या स्त्रियांपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. त्यामागे गरिबी आहे, काम आहे, पाणी आहे, आणि आरोग्यसेवा आहे. नेमका कशाचा वाटा किती, हे ठरवायचे तर जातवार नोंदी लागतात.

इथे आपला एक खास प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते, देशातल्या एकूण बौद्धांपैकी सुमारे ७७ टक्के. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. राज्याच्या योजनांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा उल्लेख असतो. आता १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होणाऱ्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे आणि धर्माच्या व जातीच्या रकान्यात काय लिहायचे यावर आपले तरुण हिरिरीने बोलत आहेत. बोलावेच. पण तेवढ्याच हिरिरीने आरोग्याच्या नोंदींतले रकानेही विचारावेत. अंथरुणाला खिळलेल्या किती ज्येष्ठांना घरभेट मिळाली आणि त्यांत अनुसूचित जातीचे, बौद्ध, भटके-विमुक्त, मुस्लिम किती, हे कोणत्या तक्त्यात दिसते? एकूण सरासरी चांगली दिसते तेव्हाच वस्तीवस्तीतला फरक तिच्याखाली झाकला जातो.

हे आकड्यांचे शस्त्र बाबासाहेबांनी आपल्याला दिले आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी समाजघटकवार आकडे मांडून शिक्षणात कोण कुठे आहे ते उघड केले. १९२८ च्या जुलैमध्ये त्याच सभागृहात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर टाकू नये, त्यात समाजाचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. आजारी आणि वृद्ध माणसाच्या सेवेच्या भारालाही हाच युक्तिवाद लागू होतो.

सेवा कोण करते?

घरातली सेवा फुकट असते असे आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करतात आणि त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे आहे. यात मुलांची देखभालही आली. त्यावरचा स्वयंपाक आणि घरकाम वेगळे.

आपल्या वस्त्यांत हा प्रश्न दुहेरी आहे. दुसऱ्यांच्या घरी आजारी माणसाजवळ ‘मावशी’ म्हणून रात्रपाळी करणारी बाई अनेकदा आपल्याच समाजाची असते. दवाखान्यात आया ती, सफाईला ती, आशाताईही तीच. तिच्या स्वतःच्या सासूला मात्र बघायला कोणी नसते. म्हणून घरपोच सेवेचा परिणाम मोजताना सेवा करणारीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल : तिचे किती रोज बुडाले, ती स्वतः शेवटची डॉक्टरकडे कधी गेली, रात्री सलग किती तास झोपते. सरकारी सेवा आल्यावर यात काही कमी झाले तर तो खरा परिणाम. आणि सरकारी सेवा म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी आणखी एक बाई एवढेच असेल, तर भार हलका झालेला नाही, तो एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेला. महाराष्ट्रातल्या आशाताई २०२१ आणि २०२३ मध्ये संपावर गेल्या त्या मानधनासाठी आणि मान्यतेसाठी. त्यांच्या पगाराचा प्रश्न सेवेच्या दर्जापासून वेगळा काढता येत नाही.

तथागतांची कसोटी

अतिसाराने आजारी पडलेल्या, स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला जमवून समजावले की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे. विनयपिटकातल्या महावग्गातला हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतला आहे.

या प्रसंगाचा पहिला भाग आपण नेहमी सांगतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. तथागतांनी तिथे सेवा करणाऱ्याची पाच लक्षणे सांगितली. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि कुपथ्य काय हे त्याला कळावे. तो लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा असावा. मलमूत्र, थुंकी, उलटी काढायची त्याला किळस नसावी. आणि वेळोवेळी बोलून त्याने आजाऱ्याचे मन उल्हसित करावे. सेवा चांगली की वाईट हे भावनेवर न सोडता पाच कसोट्यांवर तपासायची ही पद्धत अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. आजच्या घरभेटीला या पाच कसोट्या लावून पाहा : औषध मिळाले का, नीट समजावले का, आपुलकीने वागले का, किळस न करता हात लावला का, दोन शब्द बोलले का. जातीचा प्रश्नही त्यात आला आणि वेदनेचाही.

एक सावधानता मात्र हवी. मैत्रीभावाचे कारण पुढे करून कोणी आशाताईंचे मानधन नाकारू नये. लाभासाठी सेवा करू नये हे भिक्खूसंघाला सांगितले होते, ज्यांच्या चार गरजा समाज भागवत होता. पोट बांधून सेवा करा असा त्याचा अर्थ नाही.

विहारातून सुरुवात

मोजमापाचे साधन फार साधे असू शकते. १९६३ मध्ये अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी सहा गोष्टींची यादी केली. ती आजही जगभर वापरली जाते : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यातले काय स्वतःला जमते, कशाला मदत लागते, एवढेच विचारायचे. दर तीन महिन्यांनी विचारले की बदल दिसतो. त्याला आपले काही प्रश्न जोडू या :

१. गेल्या महिन्यात सरकारी कर्मचारी किती वेळा घरी आले? घरात शिरले का, बसले का, पाणी घेतले का?

२. बीपी, शुगर, दुखणे यांच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या?

३. पाठीला, कमरेला जखम आहे का? कधीपासून?

४. दुखणे शून्य ते दहामध्ये किती? रात्री झोप लागते का?

५. गेल्या महिन्यात खासगी दवाखाना, डायपर, रिक्षा यांवर खर्च किती? कर्ज काढले का?

६. सेवा करणाऱ्या व्यक्तीचे किती रोज बुडाले? मुलांची शाळा किती दिवस बुडाली?

७. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे दरमहाचे पैसे वेळेवर येतात का? वयोश्री योजनेचे तीन हजार मिळाले का?

८. अडचण आली तर कोणाला सांगायचे हे घरच्यांना ठाऊक आहे का?

भिंगार परिसरातल्या तीनही हद्दींतली प्रत्येकी वीस-पंचवीस घरे घेतली तरी सुरुवात होते. घरे फक्त बौद्धांची घेऊ नयेत. शेजारच्या मातंग, मुस्लिम, भटक्या आणि सवर्ण वस्तीतलीही घ्यावीत, नाहीतर तुलना होणार नाही. प्रश्न विचारायला मुलगा आणि मुलगी अशी जोडी जावी. सुनेला सासूसमोर खरे बोलता येत नाही, तिच्याशी वेगळे बोलावे. आणि आशाताईंना विरोधी पक्षात उभे करू नये. त्यांना आधीच सोबत घ्यावे, त्यांची अडचणही त्याच वहीत लिहावी.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. आजारपणाची माहिती खासगी असते. नाव वहीत नको, क्रमांक पुरे. संमतीशिवाय विचारू नये. अंथरुणावरच्या माणसाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नयेत, मग हेतू कितीही चांगला असो. आकडा आपल्या मनासारखा आला नाही तर लपवू नये. एखाद्या वस्तीत सेवा चांगली चालली असेल तर तेही छापावे. आणि साठ-सत्तर घरांवरून अख्ख्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये. या वहीतून प्रश्न उभे राहतील, अंतिम निकाल लागणार नाही. ज्येष्ठ माणूस वयोमानाने खालावतच जातो, म्हणून ‘बरा झाला का’ यापेक्षा ‘टाळता येणारा त्रास टळला का’ हे पाहावे.

या माहितीचे पुढे काय करायचे, याचाही रस्ता महाराष्ट्रात तयार आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने गावोगावी आरोग्यसेवेची प्रगतिपुस्तके भरली गेली. चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोकांनीच तो तक्ता मांडला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही लाल रंग कळत होता.

भिंगारमध्ये असा तक्ता विहाराच्या भिंतीवर लावता येईल. त्याची एक प्रत छावणी परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, एक महापालिकेच्या आरोग्य विभागाला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. चौघांनाही एकाच दिवशी दिली की ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर लेखी घ्यावे लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज त्याला जोडावा : आमच्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची यादी तुमच्याकडे आहे का, असल्यास त्यात किती नावे आहेत? आपल्या वहीतली संख्या आणि त्यांच्या यादीतली संख्या यांतला फरक हाच पहिला निष्कर्ष असेल.

सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच नगरमध्ये, मिस फरार यांच्या संस्थेत. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. शिकवणे आणि आजाऱ्याला उचलणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात केली. आपल्या चळवळीने शाळा, वसतिगृहे, अभ्यासिका उभ्या केल्या. आता आपली पहिली शिकलेली पिढी म्हातारी होते आहे. कारखान्यात, रेल्वेत, पालिकेत, छावणीत राबून तिने आपल्याला शिकवले. तिच्या उशाशी कोण बसले आहे, ते किती थकले आहे आणि सरकार त्या खोलीपर्यंत पोहोचले आहे का, हे मोजण्याची जबाबदारी आपली आहे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. आपल्या गल्लीत कोण कोण अंथरुणावर आहे याची यादी करा. अंदाजाने नको, घरी जाऊन.

जय भीम! नमो बुद्धाय!